संगणकांच्या बाजारातील चढाओढ : किंमत दिसते, दर्जा दिसत नाही

घरासाठी संगणक घ्यावयाचे ठरले म्हणजे दुकानात एक कोडे हमखास समोर येते. एकाच टेबलावर दोन यंत्रे मांडलेली असतात. दोहोंतील प्रोसेसर एकाच कंपनीचा आणि एकाच नावाचा. स्मृती दोहोंतही तेवढीच. माहिती साठविण्याची जागा तेवढीच. पडद्याची लांबीही तीच. झाकणावरील नावे मात्र निराळी, आणि किमतीत दहा-पंधरा हजार रुपयांचे अंतर. सोबत आलेले एक गृहस्थ सांगतात, "आत सगळे सारखेच असते, नावाचे पैसे कशाला द्यावयाचे?" दुसरे म्हणतात, "महाग आहे त्याअर्थी चांगलेच असणार." दोन्ही उत्तरांत थोडे थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ती दोन्ही फसवी आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी पाच-सहा वर्षांतून एकदा होणारी ही खरेदी. ती चुकली तर लगेच दुसरी करण्याची ऐपत पुष्कळ घरांत नसते. तेव्हा हे कोडे नीट सोडविणे अगत्याचे आहे.

ते सोडविण्यासाठी या धंद्याचा पन्नास वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. त्या इतिहासातून एक सूत्र निघते, ते आरंभीच सांगून टाकतो. कारखानदारांच्या चढाओढीने ज्या गोष्टींची तुलना गिऱ्हाइकाला करता येते, त्या स्वस्त आणि चांगल्या होत जातात. ज्यांची तुलना करता येत नाही, त्यांत काटकसर होते. संगणकाच्या बाबतीत हे सूत्र जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या मालात दिसत असेल.

वैयक्तिक संगणकाच्या धंद्याचा आरंभ सामान्यतः १९७५ सालापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 'मिट्स' नावाच्या लहानशा कंपनीने 'अल्टेर ८८००' हे यंत्र सुट्या भागांच्या रूपाने, सुमारे चारशे डॉलरना, विकावयास काढले. भाग घरी आणावयाचे आणि डाग देऊन स्वतःच जोडावयाचे. हा हौशी मंडळींचाच खेळ होता. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, तीन कंपन्यांनी तयार यंत्रे बाजारात आणली : ॲपलचे 'ॲपल टू', कमोडोरचे 'पेट' आणि टँडी कंपनीचे 'टीआरएस-८०'. टँडीची रेडिओच्या सामानाची दुकाने अमेरिकाभर पसरलेली होती. तिचे यंत्र पडद्यासह सुमारे सहाशे डॉलरना मिळे. ॲपलच्या यंत्राची किंमत सुमारे तेराशे डॉलर, आणि तीत पडदा धरलेला नसे.

मग टँडीचे यंत्र ॲपलच्या निम्म्या किमतीचे होते, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नव्हते. एका यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालत नसे, एकाची जोडसामग्री दुसऱ्याला बसत नसे. बैलगाडी आणि होडी यांच्या किमती शेजारी शेजारी मांडून जेवढा बोध होईल, तेवढाच या किमतींवरून होत असे. एकदा एका घराण्याचे यंत्र घेतले की गिऱ्हाईक त्याच घराण्याशी बांधले जाई.

या काळातील चढाओढ कशी संपली, हेही पाहण्यासारखे आहे. कमोडोरने १९७६ मध्ये 'एमओएस टेक्नॉलॉजी' हा चिप बनविणारा कारखानाच विकत घेतला होता. त्यामुळे यंत्राचे काळीज तिला घरच्या घरी, उत्पादनखर्चात मिळू लागले. १९८२ मध्ये तिने 'कमोडोर ६४' हे यंत्र ५९५ डॉलरना बाजारात आणले, आणि पुढील वर्षी त्याची किंमत भराभर उतरवीत नेली. समोर होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही बलाढ्य कंपनी. तिने १९८१ मध्ये ५२५ डॉलरना काढलेले यंत्र १९८३ मध्ये शंभर डॉलरच्या आसपास विकावे लागले. अखेर ऑक्टोबर १९८३ मध्ये तिने घरगुती संगणकाचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी ते यंत्र घेतले त्यांना ते स्वस्त मिळाले खरे. परंतु त्यासाठी नवे कार्यक्रम करण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. यंत्र चालू राहिले, पण वाली गेला. दर्जा म्हणजे यंत्राचा धडधाकटपणा एवढेच नव्हे. त्याच्यामागे पुढील वर्षांतही कोणी उभे असणे हाही दर्जाचाच भाग आहे.

या बाजाराला निराळे वळण लागले ते १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. मोठमोठ्या कचेऱ्यांना अवाढव्य संगणक पुरविणारी ही कंपनी आपल्या यंत्राचे बहुतेक भाग स्वतःच बनवी. या वेळी मात्र घाई होती. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील एका छोट्या पथकाला अवघ्या वर्षभरात यंत्र तयार करावयाचे होते. म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा, चक्तीयंत्रे टँडन कंपनीची, छपाईयंत्र एप्सनचे आणि यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मायक्रोसॉफ्टची. सर्वांत साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर ठरली. त्यात स्मृती अवघी सोळा किलोबाइट होती आणि चक्तीयंत्र मुळीच नव्हते.

यंत्रातील जो भाग खऱ्या अर्थाने आयबीएमचा होता तो 'बायॉस'. यंत्र सुरू करताच जागा होणारा आणि प्रणालीची इतर भागांशी गाठ घालून देणारा असा हा लहानसा कार्यक्रम. त्याची संपूर्ण संहिता कंपनीने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलीसुद्धा होती. मात्र तीवर स्वामित्वहक्क होता. कोणी ती उतरवून घेतली असती तर न्यायालयात खेचला गेला असता.

या कुंपणातून वाट काढणाऱ्यांत कॉम्पॅक ही कंपनी आघाडीवर होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघा जणांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये ह्यूस्टन शहरी ती स्थापन केली. तिने जाणकारांचे दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचा बायॉस वाचावयाचा आणि तो कोणत्या हाकेला कोणते उत्तर देतो एवढेच टिपून ठेवावयाचे. दुसऱ्या गटातील मंडळींनी तो कधीही पाहिलेला नसावा; त्यांनी केवळ त्या टिपणावरून, स्वतःच्या बुद्धीने, नवा बायॉस लिहावयाचा. वागणूक तीच, अक्षरे मात्र निराळी. साहजिकच स्वामित्वहक्काचा भंग झाला नाही. १९८३ पासून कॉम्पॅकचे हातात धरून नेता येण्याजोगे यंत्र विकले जाऊ लागले. त्याचे वजन जवळजवळ तेरा किलो होते, तरी पहिल्याच वर्षी सुमारे ५३,००० यंत्रे खपली आणि विक्री ११ कोटी डॉलरवर गेली. कॉम्पॅकने स्वस्ताईचा मार्ग धरलेला नव्हता. साध्या यंत्राचीच किंमत २,९९५ डॉलर होती. आयबीएमच्या यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम आपल्या यंत्रावर बिनतक्रार चालेल आणि शिवाय यंत्र उचलून नेता येईल, हे तिचे आश्वासन होते.

१९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने अशाच पद्धतीने लिहिलेला बायॉस कोणाही कारखानदाराला परवान्याने विकण्यास आरंभ केला, आणि मग बांध फुटला. अमेरिकेत, तैवानात, कोरियात अनेक कारखाने 'आयबीएम-सुसंगत' यंत्रे करू लागले. यंत्र खरोखर सुसंगत आहे की नाही, हे पाहण्याची कसोटीही ठरून गेली : हिशेबाचा 'लोटस १-२-३' हा कार्यक्रम आणि विमान चालविण्याचा मायक्रोसॉफ्टचा खेळ त्यावर चालवून पाहावयाचा. आता गिऱ्हाइकाला प्रथमच खरी तुलना करता येऊ लागली. कार्यक्रम तोच, जोडसामग्री तीच. मग अधिक पैसे का द्यावे, हा प्रश्न त्याला विचारता येऊ लागला. या धंद्यातील स्वस्ताईचे मूळ या एका प्रश्नात आहे.

या प्रश्नाला सर्वांत धारदार उत्तर दिले ते मायकेल डेल याने. १९८४ मध्ये, टेक्सास विद्यापीठात शिकत असताना, एक हजार डॉलरच्या भांडवलावर त्याने धंदा सुरू केला. त्याची युक्ती साधी होती : मधला दुकानदार गाळावयाचा आणि मागणी आल्यावरच यंत्र जोडावयाचे. संगणकाचे सुटे भाग कोथिंबिरीच्या जुडीसारखे असतात. आज न विकलेल्या जुडीचा भाव उद्या उतरतो. ज्याच्या कोठारात दोन-तीन महिन्यांचा माल पडून आहे, त्याने ते भाग चढ्या भावाने घेतलेले असतात. ज्याच्याकडे चार दिवसांचाच माल आहे, तो आजच्या भावाने घेऊन आजच विकतो. कारागिरी तीच असूनही खर्चात फरक पडतो तो असा.

याचा तडाखा कॉम्पॅकलाही बसला. उत्तम पण महाग यंत्रे करणाऱ्या या कंपनीला १९९१ मध्ये पहिल्यांदा तिमाही तोटा झाला, आणि संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉड कॅनियन यांना प्रमुखपद सोडावे लागले. जून १९९२ मध्ये तिने स्वस्त यंत्रांची नवी मालिका काढली. इतरांनाही किमती उतरवाव्या लागल्या. या स्वस्ताईच्या बळावर १९९४ पर्यंत कॉम्पॅक विक्रीत जगात पहिली झाली. तथापि २००२ मध्ये ती ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. आणि ज्या आयबीएमने हा साचा घालून दिला, तिने आपला वैयक्तिक संगणकाचा विभागच २००५ मध्ये चीनच्या लिनोव्हो कंपनीला विकून टाकला.

आता कोणीही विचारील, यंत्रे कोट्यवधींनी खपत असता मूळ कारखानदारच धंद्यातून बाहेर का पडला? याचे उत्तर 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' या आपल्या जुन्या म्हणीत आहे. यंत्रे जोडणारे शेकडो होते; परंतु त्या सर्वांना लागणारी प्रणाली एकाच घरी मिळे आणि प्रोसेसर मुख्यत्वे दुसऱ्या एका घरी. मायक्रोसॉफ्टने आयबीएमशी करार करताना आपली प्रणाली इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता. इंटेलला प्रारंभी आयबीएमच्या आग्रहामुळे एएमडी या दुसऱ्या कंपनीलाही आपली चिप बनवू द्यावी लागली. परंतु १९८५ मध्ये जाहीर केलेल्या '३८६' या प्रोसेसरपासून तिने ती वाट बंद केली. जेथे चढाओढ होती तेथील नफा आटला आणि जेथे ती नव्हती तेथे तो साचला. तैवानातील एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास ही गोष्ट एका वक्ररेषेने दाखविली. हसऱ्या ओठांसारखी ती रेषा दोन्ही टोकांना वर गेलेली असते आणि मध्ये खाली वाकलेली असते. एका टोकाला संशोधन व मुख्य भाग, दुसऱ्या टोकाला नाममुद्रा व सेवा. मध्ये केवळ जुळणी करणारा. सर्वांत कमी मिळकत त्या मधल्याच्या वाट्याला येते.

चढाओढ बंद पडली म्हणजे काय होते आणि ती पुन्हा सुरू झाली म्हणजे काय होते, याचे ताजे उदाहरण प्रोसेसरच्याच बाबतीत घडले. घरगुती टेबल-संगणकांसाठी इंटेलचे नेहमीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर सुमारे दहा वर्षे चार गाभ्यांवरच थांबलेले होते. मार्च २०१७ मध्ये एएमडीने 'रायझन' या नावाने आठ गाभ्यांचे प्रोसेसर त्याच वर्गात आणले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा गाभ्यांचे प्रोसेसर काढले. दहा वर्षे जे झाले नाही ते प्रतिस्पर्धी उभा राहताच काही महिन्यांत झाले. चढाओढीने नुसती किंमतच नव्हे तर दर्जाही सुधारतो. मात्र तो दर्जा मोजता येण्याजोगा असावा लागतो. गाभे मोजता येतात, वेग मोजता येतो, म्हणून तेथे सुधारणा झाली.

ॲपलने या सर्वांहून निराळा रस्ता धरला. यंत्र आणि प्रणाली ही दोन्ही तिने स्वतःच्याच हाती ठेवली. १९९५ मध्ये इतरांना सुसंगत यंत्रे बनविण्याचे परवाने देऊन पाहिले, पण १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परत आल्यावर ते बंद केले. आणि २०२० पासून आपल्या संगणकांत प्रोसेसरही स्वतःच्याच आराखड्याचे बसविले. त्यामुळे यंत्राची सर्व अंगे एकमेकांना बेताने जुळविता येतात. परंतु ही यंत्रे घेणारा मनुष्य १९७७ मधील गिऱ्हाइकाप्रमाणेच एका घराण्याशी बांधलेला राहतो. अधिक स्मृती हवी असली तर ती खरेदीच्या वेळीच, त्या घराण्याने सांगितलेल्या भावाने घ्यावी लागते.

आता जे मोजता येत नाही त्याकडे वळू. किमतीत तीव्र चढाओढ असली आणि मुख्य भाग सर्वांचे सारखेच असले, तर जुळणी करणाऱ्याने काटकसर करावी कोठे? गिऱ्हाईक जेथे पाहत नाही तेथे. वीजपुरवठ्याचा डबा, पंखा, बिजागरी, कळफलक, पडद्याचा उजेड, मुख्य फलकावरील किरकोळ भाग. दुकानातील पाटीवर यांचा उल्लेख नसतो, किंवा असला तरी एका शब्दात उरकलेला असतो.

या किरकोळ भागांची किंमत काय पडते, हे नव्या शतकाच्या आरंभी दिसून आले. मुख्य फलकावर कपॅसिटर नावाच्या लहान लहान नळकांड्या असतात. विजेचा प्रवाह सारखा ठेवण्याचे काम त्या करतात. त्या काळी अनेक कारखान्यांच्या यंत्रांतील या नळकांड्या सदोष द्रवामुळे एक-दोन वर्षांतच फुगून फुटू लागल्या. असे फलक बदलून देण्यासाठी एकट्या डेल कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. पुढील वर्षी असाच प्रकार बॅटऱ्यांच्या बाबतीत झाला. सोनी कंपनीने बनविलेल्या काही विद्युत्-घटांना आग लागण्याचा धोका असल्याचे आढळले. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेलने सुमारे ४१ लाख आणि ॲपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. लिनोव्होनेही काही लक्ष परत घेतल्या. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या या कंपन्यांच्या यंत्रांत घट मात्र एकाच कारखान्याचे होते. आजही निरनिराळ्या नावांचे लॅपटॉप क्वांटा, कंपाल, विस्ट्रॉन यांसारख्या मोजक्या तैवानी कंपन्या करारावर बनवून देतात.

तर मग "आत सगळे सारखेच असते" म्हणणारे गृहस्थ बरोबर ठरले काय? अर्धेच. भाग एका ठिकाणचे असले तरी कोणत्या प्रतीचे मागवावयाचे आणि त्यांची पारख किती कडक करावयाची, हे ज्याचे नाव झाकणावर आहे तोच ठरवितो. दुसरे असे, की वरील दोन्ही प्रसंगांत दोष बाहेरच्या कारखान्याचा असूनही खर्चाला नाममुद्रेचा धनीच प्रथम पुढे आला. नावाचे जे अधिक पैसे आपण देतो, ते वस्तुतः या उत्तरदायित्वाचे असतात. ज्या कंपनीचे नाव मोठे पण तक्रारीला दाद नाही, तिला ते पैसे देण्यात अर्थ नाही. आणि दाद देणाऱ्या लहान कंपनीला ते देण्यात कमीपणा नाही.

आपल्या देशात या चढाओढीने थोडे निराळे रूप घेतले. परकीय भांडवलाच्या कायद्यामुळे आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल, पुढे विप्रो, अशा देशी कंपन्यांना त्यामुळे मोकळे मैदान मिळाले. पण आयातकर जबर असल्याने यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिली. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी यांच्या सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर करून सुट्या भागांची आयात सुकर केली. मग मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता आणि दिल्लीचे नेहरू प्लेस येथून भाग आणून गावोगावचे तंत्रज्ञ यंत्रे जोडू लागले. मोठ्या कंपन्यांच्या किमती ताळ्यावर आणण्यात या अनामिक जुळणीवाल्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या यंत्रात कोणता भाग कोणत्या प्रतीचा आहे हे गिऱ्हाइकाला विचारता येई आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येई. उलटपक्षी, प्रत्येक भागाची हमी निराळी असे, आणि सबंध यंत्राला उत्तर देणारा तो एकटा मनुष्यच असे. लॅपटॉपने ही सोय पुष्कळशी हिरावून घेतली. गल्लीतल्या दुकानात लॅपटॉप जोडता येत नाही. म्हणून पूर्वी जे जुळणीवाला सांगत असे ते आता आपणच विचारून घेतले पाहिजे.

काय विचारावे? पहिली गोष्ट, प्रोसेसरचे नुसते घराणे न पाहता त्याचा संपूर्ण क्रमांक पाहावा. एकाच ठळक नावाखाली अनेक पिढ्यांचे आणि निरनिराळ्या ताकदीचे प्रोसेसर विकले जातात. क्रमांकही एकच असला, तरी पातळ अंगाच्या यंत्रात उष्णता बाहेर पडत नसेल तर तो काही मिनिटांतच मंदावतो. दुसरी, स्मृती पुढे वाढविता येते की फलकावर कायमची जडविलेली आहे. जडविलेली असेल तर पाच वर्षांनंतरच्या गरजेचा विचार आजच करावा लागेल. तिसरी, पडदा उजेडात पाहावा, कळफलकावर चार ओळी लिहून पाहाव्या, झाकण चार वेळा उघडमीट करून पाहावे. बिजागरीबद्दल ती बिजागरीच सर्वांत खरे सांगते.

चौथी गोष्ट हमीची. ती किती वर्षांची, बॅटरीलाही तेवढीच आहे काय, तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र नेऊन द्यावे लागते, आणि नेऊन द्यावयाचे तर कोठे? बेळगाव, ग्वाल्हेर किंवा मडगाव येथे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाहून अधिक महत्त्वाचा आहे. कंपनीचे सेवाकेंद्र आपल्या शहरात नसेल, तर तिच्या उत्तम यंत्राचाही दर्जा आपल्यापुरता एक पायरी खाली उतरतो. पाचवी गोष्ट प्रणालीच्या आयुष्याची. 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. आणि पुढील 'विंडोज ११' ला विशिष्ट सुरक्षा-चिप व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे केवळ त्यामुळे मागे पडली. म्हणून जुन्या पिढीचा साठा खपविण्यासाठी दिलेली मोठी सूट पाहून हुरळून जाऊ नये.

यानंतर किमतीचा हिशेब करावा, आणि तो वर्षाचा करावा. समजा, एक यंत्र ४०,००० रुपयांना मिळते आणि तीन वर्षे नीट चालते. म्हणजे वर्षाला सुमारे १३,३०० रुपये पडले. दुसरे ५२,००० रुपयांचे आहे, त्यात पुढे स्मृती वाढविता येते, बॅटरी बदलता येते, आणि त्यासाठी आणखी ८,००० रुपये घालून ते सहा वर्षे चालते. म्हणजे वर्षाला १०,००० पडले. दुकानात जे महाग दिसले तेच घरात स्वस्त ठरले. याउलट, ज्याला केवळ पत्रे, पाठ आणि हिशेब लिहावयाचे आहेत, त्याने भारी प्रोसेसरचे पैसे देणे हीही उधळपट्टीच होय. साध्या यंत्रात त्याचे काम उत्तम भागते.

जी गोष्ट घराची तीच संस्थेची. शाळा, वाचनालये, सहकारी पतपेढ्या दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचे पत्र स्वीकारतात. हा नियम मुळात वाईट नाही. परंतु मागणीपत्रात केवळ प्रोसेसर, स्मृती आणि साठवण एवढीच कलमे असली, तर दरपत्रक भरणारा उरलेल्या प्रत्येक गोष्टीत काटकसर करणार. त्याला दोष देता येत नाही; आपण विचारले तेवढेच त्याने दिले. तेव्हा तीन वर्षांची जागेवरची हमी, तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती, बदलता येणारी स्मृती व बॅटरी, पडद्याच्या उजेडाचे किमान माप, ही कलमे आधी लिहावी आणि मग खुशाल सर्वांत कमी दर पाहावा. दर्जा कागदावर उतरविला म्हणजे त्याचीही तुलना होऊ लागते, आणि त्याच्यासाठीही चढाओढ लागते.

किंमत उतरविण्याचे काम कारखानदारांच्या आपसांतील भांडणाने झाले. त्यासाठी आपणांस काही करावे लागले नाही. दर्जा राखण्याचे काम मात्र त्यांच्या भांडणावर सोपवून चालत नाही. तो प्रश्न दुकानाच्या टेबलापाशी, पैसे मोजण्यापूर्वी, गिऱ्हाइकानेच विचारावा लागतो; आणि एकाने विचारला म्हणजे दुकानदार दुसऱ्यासाठी त्याचे उत्तर तयार ठेवू लागतो.